डासाचा दंश, विषाणू आणि आपली प्रतिकारयंत्रणा: दुसऱ्या वेळचा डेंग्यू अधिक घातक का ठरू शकतो?

शाल्मली (धागालेखिका)

डेंग्यूचा विषय निघाला की "प्रतिकारशक्ती चांगली असेल तर काही होत नाही" हे वाक्य हमखास ऐकू येते, आणि ते इतक्या सहजपणे उच्चारले जाते की तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंच्या बाबतीत हे विधान अर्धेच खरे आहे. या विषाणूंपैकी काही आपल्या प्रतिकारयंत्रणेला नुसते चुकवत नाहीत; ते तिच्याच पेशींमध्ये वाढतात, प्रसंगी तिच्याच प्रतिपिंडांवर (जंतूंना चिकटणाऱ्या प्रथिनांवर, म्हणजे अँटिबॉडींवर) स्वार होऊन नव्या पेशींत शिरतात, आणि डेंग्यूच्या रुग्णाची प्रकृती ढासळते ती पुष्कळदा रक्तातील विषाणू उतरणीला लागल्यानंतर. तेव्हा प्रतिकार किती आहे यापेक्षा तो कशाविरुद्ध घडला आहे आणि केव्हा उभा राहतो, हे पाहावे लागते. त्यासाठी हा धागा काढला आहे.

व्याप्ती आधी स्पष्ट करते. हिवताप डासांमुळे होत असला तरी त्याचे कारण परजीवी आहे, म्हणून तो येथे घेतलेला नाही. डेंग्यू, झिका, पीतज्वर, वेस्ट नाइल आणि जपानी मेंदूज्वर यांचे विषाणू फ्लॅव्हिव्हायरस या गटातले आहेत. चिकनगुनियाचा विषाणू अल्फाव्हायरस या वेगळ्या गटातला आहे. डेंग्यूच्या विषाणूचा व्यास सुमारे 50 नॅनोमीटर असतो आणि त्याचा संपूर्ण जनुकीय मजकूर आरएनएच्या जेमतेम 10,700 अक्षरांत मावतो. त्यातून केवळ 10 प्रथिने तयार होतात: 3 विषाणूचे शरीर घडवणारी आणि 7 संसर्ग झालेल्या पेशीत काम करणारी. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर हा विषाणू कीटक आणि माणूस अशा दोन अगदी भिन्न शरीरांत संसार थाटतो, याचे मला नेहमीच आश्चर्य वाटत आले आहे.

डासाची मादी चावते तेव्हा ती सोंड त्वचेत खुपसून केशवाहिनीचा शोध घेते, आणि हा शोध चालू असतानाच लाळ सोडत राहते. त्यामुळे बहुतांश विषाणू थेट रक्तात न जाता त्वचेच्या थरांत पडतो. लाळेत रक्त गोठू न देणारे, रक्तवाहिन्या रुंदावणारे आणि स्थानिक प्रतिकाराची दिशा बदलणारे अनेक घटक असतात. नुसता विषाणू टोचलेल्या उंदरांपेक्षा डासाच्या दंशासह विषाणू मिळालेल्या उंदरांचा आजार अधिक तीव्र होतो, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. त्यामागचे एक कारण असे, की दंशाच्या जागी दाह सुरू होताच तेथे प्रथम न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आणि त्यांच्या पाठोपाठ महाभक्षक (जंतू गिळणाऱ्या) पेशींच्या कुळातील पेशी गोळा होतात, आणि विषाणूला वाढण्यासाठी नेमक्या याच कुळातील पेशी सोयीच्या असतात.

त्वचेतील डेंड्रिटिक पेशींचे काम परक्या गोष्टी पकडून त्यांची ओळख लसीका ग्रंथींतील टी-पेशींना (विशिष्ट जंतू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींना) करून देणे हे असते. डेंग्यूचा विषाणू या पेशींच्या पृष्ठभागावरील डीसी-साइन नावाच्या रेणूला चिकटतो आणि पेशी त्याला स्वतःहून आत घेते. ज्या पिशवीत तो आत जातो ती हळूहळू आम्लधर्मी होते, त्या आम्लतेने विषाणूच्या बाह्य आवरणातील प्रथिनांची रचना पालटते, आवरण पिशवीच्या पटलात मिसळते आणि आरएनए पेशीत मोकळा होतो. संसर्ग झालेली डेंड्रिटिक पेशी मग आपल्या ठरलेल्या मार्गाने लसीका ग्रंथीकडे निघते, आणि विषाणूचाही प्रवास घडतो. कुंपणानेच शेत खावे, तशातला हा प्रकार आहे.

पेशी मात्र निमूटपणे बसत नाही. आरआयजी-आय आणि एमडीए-5 यांसारखी प्रथिने परका आरएनए ओळखतात, आणि पेशी इंटरफेरॉन हे इशारा देणारे प्रथिन बाहेर टाकते. इंटरफेरॉनचा शोध आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी 1957 मध्ये लावला. शेजारच्या पेशींना त्याचा संदेश मिळाला की त्यांच्यातील शेकडो जनुके जागी होतात आणि विषाणूच्या वाढीस प्रतिकूल स्थिती तयार होते. संसर्गाचे पहिले काही दिवस म्हणजे विषाणूची वाढ आणि इंटरफेरॉन यांच्यातील शर्यत असते, आणि प्रतिपिंड तयार होण्याच्या कितीतरी आधी तिचा निकाल बऱ्याच अंशी लागलेला असतो. डेंग्यूच्या दर चार संसर्गांपैकी सुमारे तीन संसर्ग लक्षणांविना किंवा लक्षात न येण्याइतक्या सौम्यपणे निघून जातात, ते यामुळेच शक्य होत असावे.

दुसऱ्या वेळच्या डेंग्यूविषयी मी मुद्दामच येथे लिहिलेले नाही. त्या विषयाची अधिक माहिती असणारे सदस्य येथे आहेत, त्यांनी लिहावे अशी विनंती आहे.

टिपकागद

लेख आवडला. एक मूलभूत शंका आहे. डास एकाचे रक्त पिऊन दुसऱ्याला चावतो, म्हणजे तो दूषित सुईसारखेच काम करतो, अशी माझी समजूत आहे. तसे असेल तर एचआयव्हीसुद्धा डासांमार्फत पसरायला हवा होता. तो पसरत नाही, मग डेंग्यू कसा पसरतो?

परीक्षानळी

टिपकागद, डास म्हणजे उडती सुई नव्हे, हेच तुमच्या शंकेचे उत्तर आहे. रक्त ज्या नलिकेतून वर ओढले जाते आणि लाळ ज्या नलिकेतून खाली सोडली जाते त्या दोन वेगळ्या आहेत. मागच्या व्यक्तीचे रक्त पुढच्या व्यक्तीत टोचले जात नाही. एचआयव्हीला वाढण्यासाठी लागणारे ग्राहक रेणू (ज्यांना चिकटून तो पेशीत शिरतो) डासाच्या पेशींवर नसतात, त्यामुळे तो रक्ताबरोबर पचून जातो.

डेंग्यूच्या विषाणूला डासाच्या शरीरात खरोखरीचा संसर्ग घडवावा लागतो. रक्ताबरोबर तो मध्यांत्रात पोहोचतो, तेथील अस्तराच्या पेशींत शिरून वाढतो, मग ते अस्तर ओलांडून शरीरपोकळीतील द्रवात उतरतो आणि अखेरीस लाळग्रंथींत पोहोचतो. या प्रवासाला साधारण 25 ते 28 अंश सेल्सियस तापमानात 8 ते 12 दिवस लागतात. उष्णता वाढली की हा काळ कमी होतो. तोपर्यंत ती मादी कितीही जणांना चावली तरी विषाणू देऊ शकत नाही, आणि एकदा लाळग्रंथी बाधित झाल्या की मरेपर्यंत देऊ शकते. डासाचे आयुष्यच काही आठवड्यांचे असल्यामुळे या गणितात दोन-तीन दिवसांचा फरकसुद्धा साथीच्या वेगावर मोठा परिणाम करतो.

या धाग्याच्या विषयाशी जोडणारा मुद्दा असा की डासालाही प्रतिकारयंत्रणा असते. त्याच्याकडे प्रतिपिंडे नाहीत, टी-पेशी नाहीत, पण आरएनए-हस्तक्षेप ही यंत्रणा आहे. विषाणू आपली नक्कल काढतो तेव्हा दुपदरी आरएनए तयार होतो. डासातील डायसर-2 नावाचे विकर (एन्झाइम) त्याचे 21 अक्षरांचे तुकडे करते आणि त्या तुकड्यांच्या मदतीने जुळणारा विषाणूचा आरएनए शोधून कापला जातो. त्याने विषाणू संपूर्ण नष्ट होत नाही, पण आटोक्यात राहतो. डास आजारी पडत नाही, आणि विषाणूलाही वाहक मरून चालणारे नसतेच. डेंग्यूच्या विषाणूने यावरही उपाय शोधला आहे. आपल्या आरएनएच्या टोकाचा एक तुकडा तो पेशीच्या विकरांकडून पूर्ण कापला जाऊ देत नाही, आणि तोच उरलेला तुकडा डासात आरएनए-हस्तक्षेपाला आणि माणसात इंटरफेरॉनच्या निर्मितीला अडथळा आणतो. एकच हत्यार दोन्ही शरीरांत उपयोगी पडते.

वोल्बाकिया जिवाणूचा प्रयोगही येथे सांगण्यासारखा आहे. हा जिवाणू अनेक कीटकांत आढळतो, पण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासात नैसर्गिकरीत्या आढळत नाही. फळमाशीतील वोल्बाकिया या डासात वसवला तर डेंग्यूच्या विषाणूची वाढ बरीच रोखली जाते. पेशीतील मेदपदार्थांसाठीची स्पर्धा आणि डासाच्या प्रतिकाराला आधीच मिळालेली चालना, ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात. इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरात असे डास सोडून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. डास सोडलेल्या विभागांत डेंग्यूचे प्रमाण 77 टक्क्यांनी कमी आढळले.

टिपकागद

समजले, आभारी आहे. म्हणजे ताप आलेल्या माणसाला चावलेला डास त्याच दिवशी घरातल्या दुसऱ्या माणसाला डेंग्यू देत नाही.

परीक्षानळी

बरोबर. मात्र यातून निर्धास्त होऊ नये. ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणसाच्या रक्तात डासाला बाधित करण्याइतका विषाणू असतो. कंबोडियातील एका अभ्यासात, जो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला, लक्षणे नसलेल्या बाधितांचे रक्त पाजलेले डास अधिक सहजतेने बाधित झाले होते, जरी त्यांच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण आजारी व्यक्तींपेक्षा कमी होते. केवळ तापाच्या रुग्णांवर लक्ष ठेवून साथ का आवरत नाही, याचे हे एक कारण आहे.

चौकस

इंटरफेरॉन इतके परिणामकारक असेल, तर विषाणू टिकतोच कसा? आणि या सर्व प्रयोगांसाठी उंदीर वापरले जातात, तर उंदरांना डेंग्यू होतो का?

परीक्षानळी

तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. इंटरफेरॉनचा संदेश पेशीच्या पृष्ठभागापासून केंद्रकापर्यंत नेणाऱ्या साखळीत स्टॅट-2 नावाचे प्रथिन असते. डेंग्यू आणि झिका या दोन्ही विषाणूंचे एनएस-5 हे प्रथिन मानवी स्टॅट-2 ला पकडून त्याची विल्हेवाट लावते. इंटरफेरॉन बाहेर आहे, ग्राहक रेणूही जागेवर आहे, पण आतला निरोप्याच नाहीसा झालेला आहे. उंदराच्या स्टॅट-2 ची रचना किंचित वेगळी असल्याने एनएस-5 ला तो पकडता येत नाही. डेंग्यूचे आणखी एक विकर संसर्गाचा इशारा पुढे देणारे मानवी स्टिंग प्रथिन कापते, तेही उंदराचे कापू शकत नाही. म्हणून साध्या, निरोगी प्रौढ उंदरात हे विषाणू नीट वाढत नाहीत. इंटरफेरॉनचे ग्राहक रेणू काढून टाकलेले उंदीर वापरावे लागतात. उंदरांवरील निष्कर्ष वाचताना ही मर्यादा लक्षात ठेवावी, कारण ज्या यंत्रणेचा अभ्यास करायचा तिचाच एक खांब आपण आधी काढून घेतलेला असतो.

चिकनगुनियाचा विषाणू अधिक धसमुसळा आहे. त्याचे एनएसपी-2 हे प्रथिन पेशीची जनुके वाचण्याची यंत्रणाच बंद पाडते, त्यामुळे इंटरफेरॉनचे आदेश निघाले तरी त्यांची अंमलबजावणी होत नाही.

रात्रपाळी

इंटरफेरॉनचे महत्त्व सांगणारी माणसांमधील नोंदही आहे. काही लोकांच्या रक्तात स्वतःच्याच पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनविरुद्ध प्रतिपिंडे असतात आणि त्यांना त्याची कल्पनाही नसते. वेस्ट नाइल विषाणूमुळे मेंदूज्वर झालेल्या रुग्णांमध्ये अशा व्यक्तींचे प्रमाण सर्वसामान्य लोकसंख्येच्या मानाने फार मोठे असल्याचे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. वेस्ट नाइलच्या सुमारे 80 टक्के संसर्गांत लक्षणे नसतात आणि मज्जासंस्थेपर्यंत विषाणू पोहोचतो तो 1 टक्क्याहून कमी लोकांत. तो कोणाच्या मेंदूपर्यंत पोहोचणार, याचे कोडे निदान काही अंशी यामुळे सुटते.

आता शाल्मली यांनी मोकळ्या ठेवलेल्या विषयाकडे येतो. थोडे विस्ताराने लिहावे लागेल.

डेंग्यूच्या विषाणूचे 4 उपप्रकार आहेत. ते एकमेकांसारखे आहेत, पण पुरेसे सारखे नाहीत, आणि सारा घोळ येथेच आहे. विषाणूतज्ज्ञ अल्बर्ट सेबिन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की एका उपप्रकाराच्या संसर्गानंतर त्याच उपप्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, मात्र इतर उपप्रकारांपासून मिळणारे संरक्षण काही महिन्यांत ओसरते. पुढे केलेल्या सांख्यिकीय विश्लेषणांत हा काळ 1 ते 3 वर्षांचा असावा असे दिसले. त्यानंतरचा काळ जोखमीचा.

डेंग्यूचे संशोधक स्कॉट हॉलस्टेड यांनी बँकॉकमधील मुलांचा अभ्यास करताना दोन गोष्टी टिपल्या. तीव्र आजार झालेली बहुतेक मुले दुसऱ्या संसर्गाची होती. ज्यांचा संसर्ग पहिलाच होता आणि तरीही आजार तीव्र होता, ती बहुतांशी एक वर्षाच्या आतली बाळे होती, आणि त्यांच्या मातांना पूर्वी डेंग्यू होऊन गेलेला होता. या दुसऱ्या निरीक्षणाला मी फार महत्त्व देतो. बाळाला स्वतःची स्मृती असलेल्या टी-पेशी नव्हत्या, पूर्वीचा संसर्ग नव्हता. त्याच्याकडे मातेकडून वारेतून (प्लॅसेंटातून) आलेली प्रतिपिंडे तेवढी होती. जन्मानंतरचे पहिले काही महिने ती पुरेशा प्रमाणात असतात आणि बाळाचे रक्षण करतात. ती ओसरू लागल्यावर, साधारण सहाव्या महिन्यानंतर, धोका वाढतो, आणि ती पूर्ण नाहीशी झाली की पुन्हा कमी होतो. म्हणजे प्रतिपिंडे भरपूर असणे ठीक, मुळीच नसणे हेही त्या मानाने ठीक. अपुरी असणे वाईट.

यामागील यंत्रणा प्रतिपिंडांच्या रचनेत आहे. प्रतिपिंडाची दोन टोके विषाणूला धरतात आणि मागची शेपटी महाभक्षक पेशींवरील ग्राहक रेणूंत बसते, जेणेकरून पेशीने ते सारे गिळून पचवावे. विषाणूभोवती पुरेशी आणि घट्ट बसणारी प्रतिपिंडे असतील तर तो निष्प्रभ झालेल्या अवस्थेतच गिळला जातो. वेगळ्या उपप्रकाराविरुद्ध घडलेली प्रतिपिंडे मात्र सैलपणे चिकटतात. ती विषाणूला निष्प्रभ करत नाहीत, पण महाभक्षक पेशीच्या दारापर्यंत नेऊन पोहोचवतात. त्या पेशी म्हणजे विषाणूला हवे असलेले घरच. 1964 मध्ये ऑस्ट्रेलियात हॉक्स यांनी याच गटातील इतर विषाणूंच्या बाबतीत हा परिणाम प्रथम नोंदवला होता, आणि 1970 च्या दशकात हॉलस्टेड यांनी डेंग्यूच्या बाबतीत तो मानवी पांढऱ्या पेशींत दाखवला. यालाच प्रतिपिंडजन्य संसर्गवृद्धी म्हणता येईल.

क्युबातील घटनाक्रम हा या विषयातील जणू निसर्गानेच केलेला प्रयोग आहे. तेथे 1977 मध्ये पहिल्या उपप्रकाराची मोठी पण सौम्य साथ आली. 1981 मध्ये दुसरा उपप्रकार आला: साडेतीन लाखांच्या आसपास रुग्ण, 10,000 हून अधिक तीव्र रुग्ण आणि 158 मृत्यू, त्यांपैकी 101 मुले. पुढे डासनियंत्रणामुळे अनेक वर्षे डेंग्यू जवळपास दिसला नाही. 1997 मध्ये सँटियागो द क्युबा येथे पुन्हा दुसरा उपप्रकार आला, आणि तीव्र आजार प्रामुख्याने प्रौढांना झाला, कारण 1977 च्या साथीत पहिल्या उपप्रकाराचा संसर्ग झालेली पिढी आता मोठी झाली होती. वीस वर्षांनंतरही ती अर्धवट जुळणारी स्मृती शाबूत होती. एवढेच नव्हे, तर अंतर 4 वर्षांवरून 20 वर्षांवर गेल्याने तीव्र आजाराचे प्रमाण वाढलेले आढळले.

चौकस

हे सारे पटण्यासारखे आहे, पण एक आक्षेप नोंदवतो. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्या बहुसंख्य लोकांना काहीही गंभीर होत नाही. दुसरे असे, की तीव्र अवस्था ताप उतरताना येते, जेव्हा रक्तातील विषाणू कमी होत असतो. केवळ विषाणू अधिक पेशींत शिरल्याने आजार वाढत असेल, तर विषाणू सर्वाधिक असतानाच रुग्ण सर्वाधिक गंभीर व्हायला हवा. मग दोष प्रतिपिंडांचा की टी-पेशींचा?

रात्रपाळी

आक्षेपातील पहिला भाग निर्विवाद आहे आणि तो ठळकपणे सांगायलाच हवा: दुसऱ्या संसर्गात धोका वाढतो, पण तीव्र आजार तरीही अगदी थोड्यांनाच होतो. मनाग्वा, निकाराग्वा येथील मुलांच्या अनेक वर्षे चाललेल्या अभ्यासातून 2017 मध्ये जे प्रसिद्ध झाले ते येथे उपयोगी पडेल. प्रतिपिंडांचे प्रमाण मोजताना रक्तद्रव पातळ करत जातात, आणि किती पातळ केल्यावरही परिणाम दिसतो ते पाहतात. ज्या मुलांत हे प्रमाण 1:21 ते 1:80 या पट्ट्यात होते, त्यांना तीव्र आजाराचा धोका प्रतिपिंडे नसलेल्या मुलांच्या तुलनेत 7 पटींहून अधिक होता. त्याहून अधिक प्रमाण असलेल्यांना तो धोका नव्हता. बाळांच्या बाबतीत हॉलस्टेड यांनी जे पाहिले, तेच येथे आकड्यांत दिसते.

टी-पेशींविषयी मत बदलत गेले आहे. 2003 मध्ये थायलंडमधील मुलांच्या अभ्यासातून असे सुचवले गेले, की दुसऱ्या संसर्गात पहिल्या उपप्रकारासाठी घडलेल्या टी-पेशीच आधी धावून येतात. नव्या विषाणूशी त्या नीट जुळत नाहीत, त्याला संपवू शकत नाहीत, पण दाह वाढवणारे पदार्थ मात्र भरपूर सोडतात. त्यानंतर 2013 मध्ये श्रीलंकेतील रक्तदात्यांवरील अभ्यासाने वेगळे चित्र दाखवले: जोमदार सीडी-8 टी-पेशी (बाधित पेशींना मारणाऱ्या) या संरक्षणाशी निगडित आढळल्या. माझा स्वतःचा कल दुसऱ्या बाजूला आहे. बाळांमधील तीव्र आजार टी-पेशींच्या स्मृतीशिवायच घडतो, त्यामुळे त्यांना मुख्य आरोपी ठरवणे मला कठीण वाटते.

आता वेळेचा प्रश्न. बाधित पेशी एनएस-1 नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणात रक्तात सोडतात. तापाच्या पहिल्या दिवसांत केली जाणारी एनएस-1 चाचणी त्यावरच आधारलेली आहे. हे प्रथिन केवळ खूण नाही, असे 2015 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. ते रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशींना सैल करते आणि टीएलआर-4 या ग्राहक रेणूमार्फत दाहकारक पदार्थांची निर्मिती वाढवते. विषाणूची संख्या शिखरावर असताना सुरू झालेल्या या घडामोडींचा परिणाम दिसायला वेळ लागतो. त्यात प्रतिपिंडे आणि विषाणू यांची संयुगे, पूरक प्रथिनांची (रक्तातील, प्रतिपिंडांच्या कामाला जोड देणाऱ्या प्रथिनांची) साखळी आणि दाह चेतवणाऱ्या मास्ट पेशींचे स्राव यांची भर पडते. म्हणून ताप उतरण्याच्या सुमारास, म्हणजे आजाराच्या साधारण 3 ते 7 दिवसांच्या दरम्यान, रक्तद्रव वाहिन्यांतून बाहेर झिरपू लागतो. ही गळती साधारण 24 ते 48 तास टिकते. ताप गेला म्हणून घरचे निश्चिंत होतात तीच वेळ पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थता किंवा ग्लानी यांकडे डोळे लावून बसण्याची असते. यांपैकी काही दिसल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे.

टिपकागद

आणि प्लेटलेट? सगळे लक्ष तर त्या आकड्याकडे असते.

रात्रपाळी

प्लेटलेट कमी होतात त्याची कारणे अनेक आहेत: अस्थिमज्जेतील निर्मिती काही काळ मंदावते, आणि रक्तातल्या प्लेटलेट प्रतिपिंडे व पूरक प्रथिनांच्या कारवाईत नष्ट होतात किंवा वाहिन्यांच्या अस्तराला चिकटून वापरल्या जातात. परंतु रुग्णाला धोका प्रामुख्याने रक्तद्रवाच्या गळतीमुळे असतो. म्हणून रक्तातील पेशींचा घनांश वाढतो आहे का, नाडी आणि रक्तदाब कसे आहेत, लघवी किती होते, हे पाहणे अधिक मोलाचे असते. सिंगापूर आणि मलेशियातील एका चाचणीत, जी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली, प्लेटलेट 20,000 किंवा त्याहून कमी असलेल्या पण रक्तस्राव नसलेल्या प्रौढांना प्रतिबंधक उपाय म्हणून प्लेटलेट दिल्या गेल्या. त्याने रक्तस्राव टळला नाही. रक्तस्राव होत असलेल्या रुग्णाचा प्रश्न वेगळा असतो आणि तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचा असतो.

शाल्मली

रात्रपाळी यांनी सांगितलेला प्रतिपिंडांचा तो मधला पट्टा डोळ्यांसमोर ठेवला की लसींचा इतिहास वेगळा दिसू लागतो.

पीतज्वराचा विषाणू याच गटातला, पण त्याचा एकच उपप्रकार आहे. मॅक्स थेलर यांनी 1930 च्या दशकात उंदरांच्या आणि कोंबडीच्या भ्रूणाच्या ऊतींत विषाणू वारंवार वाढवून त्याचे सौम्य रूप मिळवले. 17डी या नावाने ओळखली जाणारी ती लस आजही वापरात आहे. तिचा एक डोस आयुष्यभरासाठी पुरेसा मानला जातो. थेलर यांना 1951 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

डेंग्यूच्या लसीला मात्र चारही उपप्रकारांविरुद्ध एकाच वेळी भक्कम प्रतिकार निर्माण करावा लागतो, कारण एखाद्याविरुद्धचा प्रतिकार कच्चा राहिला तर ती व्यक्ती नेमकी त्या मधल्या पट्ट्यात जाऊन बसते. डेंगवॅक्सिया या लसीत पीतज्वराच्या 17डी विषाणूला डेंग्यूच्या आवरणाची प्रथिने जोडलेली होती. फिलिपीन्समध्ये 2016 पासून 8 लाखांहून अधिक मुलांना ती देण्यात आली. नोव्हेंबर 2017 मध्ये उत्पादकाने जाहीर केले, की पूर्वी डेंग्यू न झालेल्यांना ही लस दिल्यास पुढे तीव्र आजाराचा धोका वाढू शकतो. अशांच्या बाबतीत लसीनेच पहिल्या संसर्गाची जागा घेतली होती, आणि पुढे झालेला खरा पहिला संसर्ग प्रतिकारयंत्रणेच्या दृष्टीने दुसरा ठरला. कार्यक्रम थांबवण्यात आला. तेथे लसींवरील लोकांचा विश्वास ढासळला, आणि त्याची झळ इतर रोगांच्या लसीकरणालाही बसली. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये लस देण्यापूर्वी पूर्वसंसर्गाची चाचणी करण्याचा मार्ग सुचवला. यंत्रणा ठाऊक होती, इशारेही दिले गेले होते. हॉलस्टेड स्वतः सावध करणाऱ्यांपैकी एक होते. हे टाळता आले असते, असे माझे मत आहे.

त्या लसीचा कणा पीतज्वराचा असल्यामुळे संसर्ग झालेल्या पेशीत काम करणाऱ्या डेंग्यूच्या त्या 7 प्रथिनांविरुद्ध टी-पेशी घडण्याची संधीच नव्हती, हाही मुद्दा नंतर पुढे आला. नंतर आलेली क्यूडेंगा ही लस डेंग्यूच्याच दुसऱ्या उपप्रकाराच्या कण्यावर बेतलेली आहे.

ऋतुजा

झिकाचा विषाणू डेंग्यूच्या इतका जवळचा आहे. मग त्यांच्या प्रतिकाराचाही एकमेकांवर परिणाम होत असेल ना?

परीक्षानळी

होतो, आणि तो दोन्ही दिशांनी सारखा नाही. झिका युगांडातील त्याच नावाच्या जंगलात 1947 मध्ये एका माकडात सापडला आणि अनेक दशके दुर्लक्षित राहिला. 2015 मध्ये ब्राझीलमध्ये त्याची मोठी साथ आली तेव्हा अशी भीती होती, की तेथील लोकसंख्येतील डेंग्यूची प्रतिपिंडे झिकाला बळ देतील. प्रत्यक्षात ब्राझील आणि निकाराग्वातील अभ्यासांत डेंग्यूचा पूर्वसंसर्ग बहुधा थोडेफार संरक्षणच देतो असे आढळले. उलट दिशेने मात्र, झिका होऊन गेलेल्या मुलांना नंतर डेंग्यूच्या दुसऱ्या उपप्रकाराचा आजार होण्याचा धोका वाढलेला दिसला. हे 2020 मध्ये निकाराग्वातूनच प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेतील पेशींमध्ये दिसणारी संसर्गवृद्धी माणसांत तशीच दिसेल असे गृहीत धरू नये, ते यासाठी.

झिकाचे वेगळेपण वार ओलांडण्यात आहे. वारेतील महाभक्षक पेशींत तो वाढू शकतो, आणि गर्भाच्या मेंदूतील ज्या पूर्वज पेशींपासून पुढे चेतापेशी बनतात त्यांना मारतो. त्यामुळे बाळाच्या मेंदूची आणि डोक्याची वाढ खुंटते. प्रौढांत गिलान-बारे विकाराची जोड 2013-14 च्या फ्रेंच पॉलिनेशियातील साथीत लक्षात आली. त्यात प्रतिकारयंत्रणा संसर्गानंतर स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते.

ऋतुजा

चिकनगुनियानंतर महिनोन्महिने सांधे दुखतात, तेही असेच काही असते का?

रात्रपाळी

काही प्रमाणात. विषाणू सांध्यांच्या आणि स्नायूंच्या आवरणातील फायब्रोब्लास्ट (ऊतींना आधार देणाऱ्या) पेशींत शिरतो. त्यासाठी वापरला जाणारा एमएक्सआरए-8 हा ग्राहक रेणू 2018 मध्ये ओळखला गेला. रक्तातून विषाणू आठवड्याभरात जातो, पण सांध्यांच्या ऊतीत त्याच्या आरएनएचे अवशेष रेंगाळतात, आणि तेथे जमलेल्या महाभक्षक पेशी व सीडी-4 टी-पेशी दाह चालू ठेवतात. डेंग्यूत जी दुसऱ्या वेळेची भीती आहे ती येथे नाही; एकदा झालेला संसर्ग दीर्घकाळ संरक्षण देतो.

टिपकागद

शेवटची शंका. दुसऱ्या वेळी धोका वाढतो, तर तिसऱ्या आणि चौथ्या वेळी तो आणखी वाढत जातो का?

रात्रपाळी

नाही. दोन वेगवेगळ्या उपप्रकारांचा संसर्ग झाल्यावर प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींची निवड अशा प्रतिपिंडांच्या बाजूने झुकते, जी चारही उपप्रकारांत समान असलेल्या भागांना घट्ट धरतात. त्यांचे प्रमाणही सहसा त्या जोखमीच्या पट्ट्याच्या वर जाते. तिसऱ्या आणि चौथ्या संसर्गांची नोंद रुग्णालयांत क्वचितच होते. बहुतेक वेळा ते कोणाच्या लक्षातही येत नाहीत.